संगप्पा ड्रायव्हरची शिट्टी

लाईट गेली ते एका परीनं बरंच झालं. आज कार्तिक वद्य अष्टमी, चंद्र उगवायला अजून तीन तास आहेत, आणि आमच्या हदगावची लाईट पावणेनऊला गेली की अकराशिवाय तोंड दाखवत नाही. उद्धव, तो मोबाईल उपडा ठेव बघू. लता, दार लोटून घे, गार वारं येतंय. गोष्ट सांगा म्हणता, तर सांगतो, पण मधे खिदळायचं नाही आणि शेवटी "काका, हे कसं शक्य आहे?" असं विचारायचं नाही. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. कसं शक्य आहे, हे मी तुमच्याआधी कितीतरी वेळा स्वतःला विचारून बसलोय.

ज्याच्यावर हे गुदरलं तो ग्यानोबा. मी एकाहत्तर साली शाळेत लागलो तेव्हा तो आमचा शिपाई होता. घंटा द्यायचा, पाणी भरायचा, मास्तरांच्या सायकलींची पंक्चरंसुद्धा काढायचा. कशालाच नाही म्हणायचा नाही. एकदाच म्हणाला. कवायतीच्या मास्तरांनी त्याच्या हातात शिट्टी दिली आणि म्हणाले, फुंक आणि पोरं गोळा कर. ग्यानोबानं ती तळहातावर घेऊन नुसती पाहिली आणि परत दिली. "सर, पोरं मी हाका मारून आणतो. हे तेवढं नगा सांगू." त्या संध्याकाळी मी त्याला चहा पाजला आणि कारण विचारलं. पुढे वीस वर्षांत त्यानं मला ही हकिकत चारपाचदा सांगितली असेल, पण एक अक्षर कधी इकडचं तिकडे झालं नाही.

तर रात्र होती पौष शुद्ध दशमीची. सत्तेचाळीस साल नुकतंच लागलेलं, आणि आपल्याकडे अजून निजामाचंच राज्य. तुम्हाला वाटत असेल अमावास्या असणार. तसं काही नव्हतं; चांगलं टिपूर चांदणं होतं. ग्यानोबाला काम साधं होतं. डोंगरावरच्या खाणीच्या कचेरीतलं उरलंसुरलं सामान गाडीत घालून खाली जंक्शनला आणायचं. दोन टेबलं, एक शिसवी कपाट, भिंतीवरचं घड्याळ, आणि साहेबाचं तोंड धुवायचं चिनी मातीचं भांडं. ते भांडं सांभाळ, असं तीनतीनदा बजावून साहेब मोटारीनं पुढे निघून गेला होता. एवढी खेप झाली की गाडी बंद. दुसऱ्या दिवसापासून रूळ उखडायचे होते.

ही गाडी म्हणजे तुम्ही समजता तशी आगगाडी नव्हे बरं का. निजामाच्या सरकारची इजाजत घेऊन एका विलायती कंपनीनं डोंगरातलं लोखंड काढण्यासाठी टाकलेली तेरा मैलांची लाईन. अडीच फुटी रूळ, दोन बुटकी इंजिनं आणि दगड वाहायच्या वाघिणी. कंपनीचं नाव विचारू नका, ग्यानोबाला ते कधी धड उच्चारता आलं नाही. तो नुसतं 'कुंपनी' म्हणायचा. त्या तेरा मैलांसाठी माहूरकडचं सागवान आडवं झालं, तेलंगणातले वडार आले, तांड्यांवरच्या बाया टोपल्या घेऊन आल्या. मातीकाम चालू असतानाच पटकीची साथ आली, तेव्हा त्यांतली कितीतरी माणसं लाईनीच्या कडेलाच पुरली. कुणाचं नाव कुठं लिहिलेलं नाही. पुढे लढाई लागली तसा गाडीला भाव आला. दिवसाला चार चार खेपा व्हायला लागल्या. डोंगराचा तांबडा धुरळा ज्वारीवर, धुण्यावर, विरजणावर, सगळीकडे बसायचा. मग लढाई संपली आणि विलायतेची लोखंडाची भूकही संपली. गरज सरो, वैद्य मरो. शेहेचाळीसच्या दसऱ्याला खाण बंद झाली, माणसं आली तशी पांगली, आणि गाडी उरली ती सामान खाली आणण्यापुरती.

थोरल्या इंजिनावर ड्रायव्हर होता संगप्पा. उदगीरकडचा लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, आणि अंगाला कायम तेलाचा वास. बोलायला गोड पण कामाला खडूस. ग्यानोबा त्याच्या हाताखाली कोळसा टाकणारा फायरमन. बिलोलीकडचा पोरका पोरगा, विशीच्या आतच कामाला लागलेला. संगप्पाला तो अण्णा म्हणायचा आणि त्याच्या बायकोला, उमाबाईला, अक्का. ती त्याला 'तम्मा' म्हणायची. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. या नवराबायकोला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ग्यानोबाचं रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच असायचं. आईच्या हातचं जेवण काय असतं ते मला तिथंच कळलं, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना चहाचा कप खाली ठेवायचा.

डोंगर उतरून गाडी सपाटीला लागायच्या आधी एक मोठं वळण होतं. त्या वळणावर एक लांब शिट्टी द्यायची असा कंपनीचा नियम. तिथून मैलभर खाली जंक्शनचं आवार, आणि आवाराला लागून नोकरांची सहा खोल्यांची चाळ. संगप्पा नियमाची लांब शिट्टी द्यायचाच, पण तिच्याआधी दोन आखूड द्यायचा. त्या दोन उमाबाईसाठी. मी आलो, तवा चढव. गाडी आवारात लागून, इंजिन शेडात घालून, हातपाय धुऊन संगप्पा पाटावर बसेपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची. साहेबानं एकदा विचारलं, की ह्या जादा शिट्ट्या कशाला? संगप्पा म्हणाला, "साब, वळनावर म्हशी असत्यात. एकीनं हटत न्हाईत." चाळीतल्या बायका उमाबाईला चिडवायच्या, की बाई, तुझ्या नवऱ्याचा निरोप विलायती वाफेवर येतो! ती तोंडाला पदर लावायची. पण अकरा वर्षांत तिच्या भाकरीला एकदाही उशीर झाला नाही.

पंचेचाळीस सालच्या भाद्रपदात हे सगळं मोडलं.

संध्याकाळची शेवटची खेप. मागे दगडानं भरलेल्या अकरा वाघिणी, सगळ्यात शेवटी गार्डाचा डबा. सातव्या मैलाच्या पुलावर संगप्पानं छातीवर हात दाबला. "तम्मा, दांडा धर," एवढंच म्हणाला आणि कोळशाच्या पेटीवर टेकून बसला. ग्यानोबाला वाटलं, पित्त झालं असेल. त्यानं वाफेचा दांडा धरला, ब्रेक धरला, आणि मागे वळून "अण्णा, पानी देऊ का?" म्हणून विचारलं. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते.

आता काय करणार हो तो? गाडी उतारावर. अकरा वाघिणींचं वजन पाठीवर. थांबवायला गेला तर सगळ्या वाघिणी एकमेकींवर चढून दरीत. मागच्या डब्यात म्हातारा गार्ड पंचाक्षरी होता, त्याच्यापर्यंत हाक पोचायची नाही. बावीसतेवीस वर्षांचा पोरगा तो. एका हातानं ब्रेक आवळत, दुसऱ्या हातानं अण्णाचा खांदा सावरत, रडत रडत त्यानं गाडी उतरवली. वळण आलं. आणि चार वर्षांच्या सवयीनं हात आपोआप शिट्टीच्या साखळीकडे गेला. अण्णाचा हात गुंतलेला असला की कधीमधी लांब शिट्टी ग्यानोबा द्यायचा; आखूड दोन मात्र अण्णाच्याच, पण कानांत तिन्ही बसलेल्या. हाताला कुठं ठाऊक असतं माणूस गेलाय म्हणून? दोन आखूड. एक लांब.

साखळी सुटली तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं ते. खाली चाळीत, तिसऱ्या खोलीच्या दारात, चुलीचा उजेड मोठा झालेला त्याला दिसला.

संगप्पाला चौघांनी उचलून आणलं तेव्हा तव्यावर भाकर टम्म फुगली होती. उमाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. हंबरडा फोडला नाही. हाताचं पीठ तसंच ठेवून तिनं ग्यानोबाला एकच विचारलं, "तम्मा... शिट्टी कुनी दिली?"

खरं सांगायचं तर सांगता आलं असतं. पण पोरानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. हिचा नवरा पाच मैल मागेच गेला, आणि मी मेलेल्या माणसाच्या नावानं हिला चूल पेटवायला लावली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"अण्णांनी," तो म्हणाला. "वळनावर दिली. मंग... गेले."

उमाबाईनं मान हलवली आणि तव्यावरची भाकर काढून ठेवली.

उदगीर लांब होतं, म्हणून जंगमांना बोलावून संगप्पाला वळणाच्या खालच्या शेताडीतच समाधी दिली. लिंगायतांच्या रीतीनं, बसवून. त्यामुळे उमाबाईही तिथून हलली नाही. कंपनीनं तिला पाणी भरायच्या कामावर ठेवलं आणि खोली तिच्याकडेच राहू दिली. ग्यानोबाचा ड्रायव्हर झाला. तेराव्या दिवशी ती त्याला म्हणाली, "तम्मा, गाडी तू चालव. पर तशी शिट्टी देऊ नको. कवाच नको." त्यानं शपथ घेतली आणि पाळली. वळणावर एकच लांब शिट्टी, नियमाची.

पण त्याच्या जिवाला जे लागलं ते लागलंच. उमाबाई रात्रीचा तवा चढवायची नाही. संध्याकाळची गाडी यायच्या वेळेला चूल मात्र पेटवायची, पीठ घेऊन पुढ्यात बसायची, आणि गाडी आवारात आली की पीठ झाकून ठेवायची. सकाळची शिळी भाकर दोघं खायची. ग्यानोबाला वाटायचं, माझ्या खोट्यानं हिला वेड लागलं. अण्णाची शेवटची शिट्टी समजून ही त्या चुलीला बांधली गेली. आज सांगू, उद्या सांगू करत सोळा महिने गेले. तुम्हाला सांगतो, खोटं बोलणं सोपं असतं. ज्याच्याशी बोललो त्याच्या हातचं रोज खाणं अवघड असतं. घास घशाखाली उतरायचा नाही त्याच्या.

आता लाईन बंद होत होती. उमाबाईचा भाऊ बसलिंगप्पा उदगीरहून बैलगाडी घेऊन आला होता; रात्रभर स्टेशनावर टेकून पहाटे तिला न्यायचा होता. म्हणजे ही शेवटची रात्र. ग्यानोबानं डोंगरावरच ठरवलं होतं, आज सांगायचं. तिनं थोबाडीत मारली तरी चालेल, तोंड बघणार नाही म्हणाली तरी चालेल. पण हे खोटं गाठोड्यात बांधून तिला उदगीरला जाऊ द्यायचं नाही.

सामान चढवेपर्यंत साडेसात झाले. फायरमन कधीच गावाकडे निघून गेला होता, त्यामुळे कोळसा टाकायला आणि गाडी हाकायला ग्यानोबा एकटाच. मागे सामानाच्या दोन वाघिणी आणि गार्डाचा डबा. पंचाक्षरी घोंगडी पांघरून बसला, म्हणाला, "सावकाश जाऊ दे रे. घाई कुनाला हाय आता?"

गाडी निघाली. चांदणं पडलेलं. दोन्ही बाजूंना सुनी खाण, उलट्या पडलेल्या टोपल्या, दारं नसलेल्या झोपड्या. ग्यानोबा मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. अक्का, मला माफ कर. अक्का, तुला एक सांगायचं हाय. पाचवा मैल गेला. सहावा गेला.

सातव्या मैलाच्या पुलावर त्याला थंडी वाजली.

इंजिनावर थंडी वाजत नाही, पोरांनो. पुढ्यात भट्टी असते. त्यानं विचार केला, जाळ उतरला असेल, कोळसा टाकावा. फावडं भरून घेतलं आणि पायानं भट्टीचं दार उघडलं.

आत कोळसा पसरलेला होता.

कडेला जाड, मधे पातळ, मागच्या दोन कोपऱ्यांत दाबून बसवलेला. तसा कोळसा त्या लाईनीवर एकच माणूस लावायचा. ग्यानोबानं चार वर्षं बोलणी खाऊन ते शिकायचा प्रयत्न केला, त्याला कधी जमलं नव्हतं. आणि डोंगर सोडल्यापासून त्यानं एकच फावडं टाकलं होतं.

त्यानं फावड्यातला कोळसा हळूच परत पेटीत ओतला. ओतताना डोळे मिटून घेतले. पेटीकडे बघितलं नाही.

भट्टीचं दार लावलं.

मागे कुणीतरी बसलं होतं.

आवाज नाही. हालचाल नाही. पण माणूस घरात असला की घर कळतं ना... तसं.

"अण्णा?" तो म्हणाला.

...

चाकं वाजत होती.

"अण्णा, मी... अक्काला मी..."

भीती होती का, विचाराल तर होती. पण तो मला म्हणाला, "सर, भ्याव निम्मं. निम्मं लई दिसांनी घरचं मानूस भेटल्यावानी वाटलं." तो तसाच उभा राहिला, पाठमोरा.

वळण जवळ आलं. खाली शेताडीत समाधीचा चुना चांदण्यात दिसत होता. आता एक लांब शिट्टी द्यायची. रोजची. नियमाची.

त्याचा हात उठेना. त्यानं ठरवलं, नाही द्यायची. आज काहीच द्यायची नाही. दोन्ही हातांनी त्यानं ब्रेकचं चाक घट्ट धरलं. बोटं पांढरी पडेपर्यंत.

साखळी हलली.

गाडीच्या हिसक्यानं हलावी तशी नाही. ताणली गेली. खाली...

एक आखूड.

एक आखूड... तुटकी.

मग लांब. खूप लांब. डोंगरावर आपटून परत आली, तरी वाजतच होती. इतकी लांब शिट्टी त्या इंजिनानं कधी दिली नव्हती. शेवटी शेवटी बारीक होत गेली, आणि...

थांबली.

साखळी सैल पडली. थंडी गेली. मागे वळून बघायचं धाडस ग्यानोबाला झालं तेव्हा पेटीवर नुसता कोळसा होता.

खाली चाळीतल्या पाच खोल्या रिकाम्या, अंधारात. तिसरीच्या दारात चुलीचा उजेड होता. बघता बघता तो मोठा झाला.

गाडी आवारात लागली. पंचाक्षरी डब्यातून उतरून धापा टाकत पुढे आला. "आरं तशी शिट्टी का दिलीस? शपत घेतली व्हतीस ना? अंगावर सर्रकन काटा आला माझ्या!" ग्यानोबानं ब्रेकवर आवळून आखडलेले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. म्हातारा काय समजायचं ते समजला. त्यानं कानाला हात लावले, "शिव शिव" म्हणत कंदील उचलला आणि स्टेशनाकडे चालता झाला. ग्यानोबानं भट्टी विझवली. हातपाय धुतले. मग तिसऱ्या खोलीपाशी गेला.

उमाबाई चुलीपुढे होती. तवा चढवलेला. हातावर भाकर थापली जात होती.

"ये तम्मा," ती न वळता म्हणाली.

"अक्का, ती शिट्टी म्या न्हाई दिली. तुझी शपत."

"म्हाईत हाय."

ग्यानोबा उंबऱ्यावरच बसला. वाटभर जुळवलेली वाक्यं सगळी विसरली होती. "अक्का... त्या दिसाची, भादव्यातली... ती अण्णांनी दिलेली नव्हती. ते पुलावरच गेले व्हते. हात माझा व्हता. सवयीनं गेला. मी तुझ्याशी खोटं बोललो, अक्का."

तिनं भाकर तव्यावर टाकली. वरून पाण्याचा हात फिरवला.

"ते बी म्हाईत हाय," ती म्हणाली.

"...कवापासून?"

"त्याच घडीपासून. अकरा वर्सं ऐकली रे मी ती शिट्टी. त्यांचं मनगट अधू व्हतं, साखळी धरून ठेवता यायची न्हाई, म्हनून दुसरी शिट्टी नेहमी तुटायची. तुझी तुटली न्हाई. मी तवा चढवला, पीठ हातात घेतलं, आन् तवाच काळजात चर्र झालं. ही त्यांची न्हाई."

"मंग मला इचारलंस कशाला?"

"इचारलं... कारन मला वाटलं, आपल्याला चुकीचं ऐकू आलं असंल. तू म्हनशील हो त्यांचीच, आन् ते खरं असंल." तिनं भाकर उलटली. "तू म्हनलास. पर तुझं तोंड बघितलं, तम्मा. एक तर गेला. दुसऱ्याला कशाला मारू, म्हनलं."

ग्यानोबा ओक्साबोक्शी रडायला लागला. सोळा महिने त्याला वाटत होतं की आपण हिला सांभाळतोय. ती त्याला सांभाळत होती.

"रडू नको," ती म्हणाली. "मला वाईट तुझ्या खोट्याचं न्हाई वाटलं कवा. ते सांगून गेले न्हाईत, ह्याचं वाटायचं. रोज घरी यायचं असलं तरी सांगून येनारा मानूस. आन् जाताना एक शब्द न्हाई? मी चूल पेटवून बसायची, ती त्याच्यासाठी. तुला म्हनलं व्हतं ना, तशी शिट्टी तू देऊ नको? खरी आली तर मला वळखू यावी, म्हनून. रोज वाटायचं, आज येईल. आज न्हाई आली... उद्या. आता उद्यापासून रूळच उखडनार. मंग कुठल्या वाटेनं येनार व्हते ते?"

भाकर फुगली. तिनं ती उतरवली आणि दुसरी थापायला घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर ग्यानोबानं कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. नवी नवरी माहेरचा माणूस दिसल्यावर जशी होते, तशी ती झाली होती.

"तम्मा, तू भाईर बस," ती म्हणाली. "तुला मागून वाढते. आधी आमी दोघं जेवतो."

तो ओट्यावर येऊन बसला. तिनं दार लोटून घेतलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. मग ताट ठेवल्याचा. मग तिचं बोलणं, कानडीत, हळू. "बर्री," ती म्हणाली. या, बसा. मग ती थांबली. दुसरं कुणी बोललं असतं तर जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ थांबली. मग बोलली. पुन्हा थांबली... पुन्हा बोलली. ग्यानोबानं कान देऊन ऐकलं. तिच्याशिवाय कुणाचा आवाज नव्हता.

एकदा ती हसली.

पुढचं त्यानं ऐकलं नाही. कानांत गमछ्याच्या टोकांचे बोळे घालून, गुडघ्यांत डोकं खुपसून तो बसून राहिला. ते आपण ऐकायचं नव्हतं, असं तो मला म्हणाला. चंद्र मावळला. थंडीनं अंग आखडलं. कधीतरी डोळा लागला.

त्याला जाग आली ती बैलांच्या घुंगरांनी. बसलिंगप्पानं गाडी जुंपून दाराशी आणली होती. पलीकडे लाईनीवर माणसं पहारी घेऊन जमत होती. पहिल्या रुळाचा खिळा निघताना जो आवाज झाला तो ग्यानोबाच्या दाढा दुखवून गेला. दार उघडलं. उमाबाई डोक्यावरून पदर पुढे ओढून बाहेर आली. तिनं एक पत्र्याची पेटी आणि जातं गाडीत ठेवायला सांगितलं. ग्यानोबाच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी दिल्या.

"तुला वाढायचं राहून गेलं रातीला," ती म्हणाली. "खाऊन घे. आन् आता पोटभर खात जा, तम्मा."

तो तिच्या पाया पडला. ती गाडीत बसली. वळणाखालच्या समाधीकडे तिनं पाहिलं नाही, रडलीही नाही. बसलिंगप्पानं बहिणीला नीट बसलीस का विचारायला मागे वळून पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग घाईघाईनं पुढे तोंड करून त्यानं बैलांना हाकारलं. वाऱ्यानं पदर मागे गेला, तेव्हा ग्यानोबालाही दिसलं.

सोळा महिन्यांत त्या घरात कुंकवाची चिमूट नव्हती. खाण दसऱ्यापासून बंद, गाडीत आणलेलं सामान टेबलांचं नि कपाटाचं, आणि ग्यानोबाचे स्वतःचे हात कोळशाचे, ते त्यानं धुतलेले. पण विभूतीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, दोन भुवयांच्या मधोमध, कुणीतरी जाड अंगठ्यानं खालून वर ओढलेली एक तांबडी रेघ होती. डोंगराच्या दगडाचा धुरळा, इंजिनाच्या तेलात कालवलेला. अजून ओला होता.